विहिणींची शर्यत

दोघींनाही ती आईच म्हणायची. एकीला अगं, दुसरीला अहो. दोघींच्या हृदयाची ऑपरेशनं एकाच आठवड्यात, एकाच हॉस्पिटलात झाली आणि त्यावरूनही विहिणींची जुंपली. टाके कुणाला जास्त, भेटायला माणसं कुणाकडे जास्त.

बायपाससाठी पायातली शीर काढतात. उरलेला तुकडा एरवी टाकूनच द्यायचा. पण मागच्या इमारतीतल्या प्रयोगशाळेला तो हवा असे, आणि तिथेच ती काम करत होती. दोघींनी हौसेनं संमती दिली. नमुन्यांवर नावं नसतात. पण त्या आठवड्यात तुकडे दोनच आले, आणि कुठला कुणाचा हे दोघींनी ऑपरेशनच्या वेळा जुळवून तिच्याही आधी हुडकून काढलं.

"त्या तुकड्याचं करता काय गं?" आईनं विचारलं.

"शिरेच्या भिंतीत स्नायुपेशी असतात. त्या ताटलीत वाढवायच्या. ताटली भरली की मधोमध एक रेघ ओरबाडायची. मग दोन्ही काठांवरच्या पेशी सरकत सरकत ती रेघ बुजवतात. कुणाच्या किती भरभर सरकतात, ते बघायचं."

"म्हणजे शर्यत!"

ऑपरेशननंतर आई पहिल्यांदाच हसली होती. मग नाही कोण म्हणणार?

आईच्या पेशी उधळल्यासारख्या धावल्या. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात, कानांसारखे. जखम झाली की रक्तातून 'चला' अशी हाक येते. जिला कान जास्त, ती आधी निघते. आईच्या पेशींना अंगभर कान होते. सासूबाईंच्या मात्र काठावर ऊन खात बसल्यासारख्या.

"विहीणबाई, तुमच्या उठल्या का? की आंघोळ व्हायचीय अजून?" आई फोनवर विचारायची.

"आमच्या घरंदाज आहेत. कुणी हाक मारली म्हणून पळत सुटत नाहीत."

बोलायच्या तोऱ्यात, पण फोन ठेवला की सासूबाई सुनेला हळूच विचारत, "जरा खायला-प्यायला घालून बघ ना त्यांना."

एक गोष्ट तिनं दोघींनाही सांगितली नव्हती. ताटलीत धावणं कौतुकाचं दिसतं. पण हृदयाला जोडलेल्या शिरेत याच पेशी भिंत सोडून आतल्या पोकळीकडे निघतात, थरावर थर चढतो आणि रस्ता अरुंद होतो. तिथे बसून राहणाऱ्या पेशी बऱ्या.

आई दुसऱ्या वर्षी गेली. जोडलेली शीर आतून भरत आली होती. ताटलीत दिसतं ते छातीत तसंच घडतं असं नाही, हे ती नव्या विद्यार्थ्यांना नेहमी बजावायची. तेच तिनं स्वतःलाही सांगून पाहिलं.

त्यानंतर सासूबाईंनी गोळ्या सोडल्या. तपासणीची तारीख टळली. मुलानं आर्जवं केली, मग आवाज चढवला. पालथ्या घड्यावर पाणी.

"तिच्या एवढ्या चपळ, तरी ती गेली," त्या म्हणाल्या. "माझ्या मेल्या जागच्या हलत नाहीत. माझं काय होणारे?"

त्यांना उठवील असं एकच वाक्य होतं आणि ते सुनेलाच ठाऊक होतं. पण ते बोललं की आई हरणार होती. शेवटच्या आजारपणातही उशीला टेकून जिची फुशारकी मारली, ती शर्यत.

दोन दिवस तिनं ते वाक्य गिळलं. तिसऱ्या दिवशी दुपारी दोघी मटार सोलत बसल्या होत्या.

"अहो आई, ती शर्यत उलटी होती. हळू चालणाऱ्या चांगल्या." आणि मग तिनं सगळं सांगितलं.

सासूबाईंचा हात थांबला. "म्हणजे मी जिंकले?"

"हो."

"आणि इतके दिवस तिची बोलणी खाल्ली ती फुकट?"

"हो."

"आणि तू गंमत बघत बसलीस!"

"ती हसत होती, अहो."

सासूबाईंनी एक शेंग सोलली. दाणे सालांत टाकले, साल भांड्यात. "तिला कळलं होतं हे?"

"नाही."

"तेच बरं. नाहीतर दटावून बसवलं असतं तिनं पेशींना. मला जिंकू देते होय!" जरा वेळानं म्हणाल्या, "आहेत अजून तिच्या?"

"गोठवून ठेवल्यात थोड्या. रिसेप्टर बंद करणारं औषध तपासतोय आम्ही. ते घातलं की थांबतात."

"तिच्या? थांबतात?"

"बऱ्याचशा."

"बघ हं, नीट मोजा. तुमची पाठ वळली की निघतील." आणि गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या. "गोळ्यांचा डबा कुठे ठेवलास?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात शेजारी पायाला पट्टी बांधलेल्या एक बाई बसल्या होत्या. सासूबाईंनी ओळख होण्याचीही वाट पाहिली नाही.

"माझ्या पेशी आळशी आहेत. चांगलं असतं ते."

"अगंबाई! तुम्हाला कसं कळलं?"

"शर्यत लागली होती."

"कुणाशी?"

सासूबाई सरसावून बसल्या. "आमच्या विहीणबाई! अहो, काय धावायच्या त्यांच्या! रेघ ओढायचा अवकाश, ह्या पलीकडे. आणि कान तर असे..." त्यांनी दोन्ही हात पसरले.

नर्सनं त्यांना दुसऱ्यांदा हाक मारली.

"आले हो, सांगतेय ना," सासूबाई म्हणाल्या, आणि सुनेनं त्यांना घाई केली नाही.