केतकीला हात कुणाचा

निसार माळ्याची पहिली बायको रेहाना गेली, तेव्हा आमच्या आळीने तिच्यासाठी जेवढे डोळे पुसले त्याच्या दुप्पट दुसरीच्या चौकशीसाठी वटारले. मी त्याच आळीतली. मला वगळायचं काही कारण नाही.

घाटात विजेची इंजिनं येऊन चार-पाच वर्षं झाली होती. इगतपुरीच्या टेकडीवरच्या बंगल्याचा साहेब कायमचा विलायतेला गेला होता; बंगल्याला कुलूप, आणि बाग निसारच्या हवाली. निसारचं घर बागेच्या मागच्या टोकाला, आमच्या परसाला लागून. मधे मेंदीचं कुंपण. कुंपण कशासाठी घालतात हे बायकांना विचारावं: पलीकडचं बघताना हात टेकायला काहीतरी लागतं म्हणून.

बागेत साहेबाने लावलेला एक युक्का होता. सगळे त्याला विलायती केतकी म्हणत. घायपातीसारखी टोकदार पानं, चैत्रात मधोमध माणसाहून उंच दांडा, आणि दांड्याला लोंबणाऱ्या पांढऱ्या घंटा. दिवसा मिटल्यासारख्या, दिवेलागणीला उघडणाऱ्या. साहेब सांगून गेला होता की हिच्या मुलखात एक पाकोळी आहे, ती या फुलाचा पराग त्या फुलात नेऊन भरते. ती पाकोळी इकडे नाही, म्हणून हिला इकडे फळ नाही.

रेहाना हे ऐकून हसली होती. दुधी धरत नसला की आमच्या बायका नराचं फूल तोडून मादीला लावतातच. त्यात साहेबाने सांगण्यासारखं काय? तिने कोंबडीचं एक पीस घेतलं, संध्याकाळी बाजेवर उभी राहिली आणि फूल न फूल पुसून काढलं. फळ धरलं. आतलं बी काळं, चपटं, एकावर एक रचलेलं. निसारने ते मृगावर पेरलं, कारण इकडे सगळंच मृगावर पेरतात. शेणखत भरपूर घातलं, कारण प्रेम असलं की माणूस शेणखत घालतो. गवताच्या काडीसारखे कोंब आले, आणि इगतपुरीच्या पावसाने बुडाशी मऊ होऊन आडवे पडले. रेहानाला मूल नव्हतं. त्या कोंबांसाठी ती रडली तशी बाई पिकासाठी रडत नाही. पुढच्या पावसात छातीत कफ साचून तीही गेली. पीस निसारने दाराच्या चौकटीत खोचून ठेवलं. त्याला कुणी हात लावायचा नाही.

दुसरी माजिदा, मालेगावची, विणकराच्या घरची. निसार तिच्याशी चांगला वागे. पाहुणीशी वागावं तसा. पानात वाढलेलं निमूट खाई, आणि खाताना नजर चौकटीकडे.

ती आली त्या पहिल्याच चैत्रात केतकीला पुन्हा फळं लोंबली.

मोळीवाली धोंडाबाई माझ्या परसात सरपण टाकता टाकता म्हणाली, "बाई, ऐकलं का? मेलेली येती हाय दिवेलागणीला. म्या सवता पाह्यली. पांढरी ओढणी, हात वर."

"मग पळालीस का?"

"पळू कशाला? मोळी लय जड व्हती."

मीही ती ओढणी पाहिली होती, पण मी थांबून तोंडही पाहिलं होतं. माजिदा होती. काडीला कापूस गुंडाळून, बाजेवर चवड्यांवर उभी राहून फुलं पुसत होती. दुसऱ्या दिवशी कुंपणाशी गाठलं तेव्हा म्हणाली, "त्यांना केतकीचं बी हवं होतं, वहिनी. म्हटलं, देऊ. रेहानाआपांच्या पिसाला नाही हात लावला मी."

"सांगितलंस का त्याला?"

"सांगणार होते. पण फळं पाहून ते झाडाखाली बसले आणि रडले. रेहाना, रेहाना म्हणाले. तिथे मी काय बोलू?"

फळं पिकली तशी निसारने कुंड्यांत शेणखत भरायला घेतलं. माजिदाने कुंडी पुढ्यातून ओढली. "मागच्या खेपेला कुजलं ना? या झाडाचा नूर आमच्या मालेगावकडचा आहे, कोरडा. ओलं दिलं तर मरेल." तिने विटा कुटल्या, नदीची जाड वाळू मिसळली, बी रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं, आणि कुंड्या चुलीच्या वरच्या फळीवर मांडल्या. बाहेर चार-चार दिवस डोंगर दिसत नसे, भिंतींना बुरशी चढे; आणि माजिदा चुलीच्या उबेत ओला हात नुसता कुंडीवर झटके. श्रावण सरला तरी कोंब ताठ उभे होते.

निसार ते कोंब बघत राहिला. म्हणाला, "रेहानाची पोरं जगली."

कुंपणाअलीकडे मी तांदूळ निवडत होते. सूप हातातच राहिलं.

"कुणाची?" माजिदा म्हणाली. "काडी माझी होती! कापूस माझा होता! बाजेवरून पडले तो गुडघासुद्धा माझाच होता!"

निसार ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "मेलेल्या माणसाच्या वाट्याचं घेऊ नये, माजिदा."

 दुसऱ्या दिवशी कुंपणाशी तिने मला सांगितलं, "पुढच्या चैत्रात मी फुलांना हात लावणार नाही. फळ धरलं नाही की कळेल त्यांना हात कुणाचा होता ते. तेव्हाही कळलं नाही तर पावसाच्या आधी मी माहेरी इसाकभाईकडे जाईन. तिथे मागाचा खडखडाट असतो, पण घरातल्या माणसाला नावाने हाक मारतात."

मला तिचा डाव पटला. चोख डाव होता. माणसं रागावली की इतका चोख विचार क्वचितच करतात.

चैत्र आला. निसारला देवळालीला एका बागेचं काम मिळालं. तो तिकडेच राहिला. दांडा वर आला, घंटा उघडल्या. माजिदा रोज दिवेलागणीच्या आधी बाहेरून कडी घालून माझ्या ओटीवर येऊन बसे, आणि काळोख झाल्यावर मी कंदील घेऊन तिला दारापर्यंत पोचवी. वास आमच्या माजघरापर्यंत यायचा. "बघा, वहिनी, मी इथे आहे हं," ती म्हणे, जणू मीच पंच. फुलं गळली. दांडा उघडा पडला. माजिदाचा चेहरा उजळला.

मग एका सकाळी ती कुंपणाशी आली. ओठ पांढरे. "चला."

दांड्याला हिरवी फळं धरली होती. एक-दोन नाही, वरपासून खालपर्यंत.

मी हिशेबी बाई. मी सगळ्यांना तपासलं. धोंडाबाईचा हात तिथे पोचत नाही, आणि फुकट ती फूलही हलवत नाही. मधमाश्या याआधीही होत्या. त्यांना यंदाच अक्कल कुठून आली? निसार देवळालीहून आला असता तर कुत्री भुंकली असती आणि आळीने तासाभरात त्याला चहाला बसवलं असतं.

"आणखी एक आहे," माजिदा म्हणाली, आणि मला तिच्या दाराशी नेलं. चौकटीतलं पीस जागेवर होतं. फक्त त्याचं टोक पिवळं झालं होतं. मी बोट लावलं. चिकट होतं.

त्यानंतर मी कुणाला तपासलं नाही.

मृगाच्या तोंडावर निसार परतला. झाडाशी गेला, फळांवरून हात फिरवला, आणि घरात आला. मी माजिदाच्या चुलीपाशीच होते. उठावंसं वाटलं, पण खरं सांगायचं तर पाय उठले नाहीत. तिचं गाठोडं बांधून कोपऱ्यात ठेवलेलं होतं. त्याने ते पाहिलं.

"दिवाळीला तुझी ओढणी वाळत घातली होती," तो म्हणाला. "पदराला पिवळे डाग होते. धुऊन न गेलेले. तेव्हाच समजलो. तोंडाने म्हणायला धीर झाला नाही." मग खाली बघत, "यंदाही मी नसताना तूच केलंस. मागच्या साली मी तुला खोटं पाडलं. माफ कर, माजिदा."

वर्षभर तिने याच बोलण्याची वाट पाहिली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहिलं. मी काय सांगणार होते? हे तुझं नाही, परत कर?

"हो," माजिदा म्हणाली. आवाज जेमतेम फुटला. निसारला वाटलं, तिला गहिवरून आलं.

त्याने तिचं गाठोडं स्वतः सोडलं. त्या वर्षी कुंड्या त्यानेच विटांच्या भुग्याने भरल्या. माजिदाने त्या अर्ध्याच फळीवर मांडल्या. उरलेली अर्धी फळी ती रोज पुसते, आणि तिथे काही ठेवत नाही.

पावसात एका संध्याकाळी मी मागच्या दाराने विस्तव मागायला गेले होते. निसार जेवत होता, ताटाकडे बघून. आता त्याची नजर चौकटीकडे जात नसे. बाहेर धुकं झाडापर्यंत आलं होतं. माजिदा दार लोटायला गेली, आणि लोटता लोटता थांबली.

"आपा," ती बाहेर बघून हळूच म्हणाली, "भिजताय कशाला? आत या."

"कोण गं?" निसारने विचारलं.

"वहिनी आल्यात," ती म्हणाली.

मी तर केव्हाची आत, चुलीपाशी उभी होते. निसार पाठमोरा होता. तिने दार थोडं उघडं ठेवलं.