डेलियाची मान

सिस्टर आणि बाई या दोघी विहिणी. सिस्टरची मुलगी बाईंच्या मुलाला दिलेली. एक हॉस्पिटलच्या प्लास्टर-रूममध्ये नर्स म्हणून राबलेली, दुसरीने शाळेत गणित शिकवून पोरांना घाम फोडलेला. निवृत्त झाल्यावर दोघींनाही मातीचा नाद लागला आणि दोघी एकाच बागकाम मंडळात जाऊन बसल्या. घरं हाकेच्या अंतरावर, मुलगा-सून बाईंच्या वरच्या मजल्यावर. त्यामुळे कोणाच्या कुंडीत काय उगवलं हे दुसरीला चहाच्या आधी कळायचं.

बाई फुलांच्या. त्यांच्या डेलियाला मंडळाच्या प्रदर्शनात दरवर्षी पहिला नंबर ठरलेला. सिस्टर भाजीच्या. वांगी, काकड्या, टोमॅटो. "फुलं काय, नुसती मिरवायची," असं सिस्टर म्हणायच्या, तेही बाईंना ऐकू जाईल अशा बेताने. बाईंचं उत्तर तयार असायचं. "भाजी मंडईतही मिळते हो, विहीणबाई." दोघींच्या मध्ये सापडायची ती सिस्टरची मुलगी. माहेर आणि सासर दोन्ही एकाच गल्लीत, मग तिने बाजू घ्यायची कोणाची? ती दोघींचंही हसून ऐकायची आणि कामाला निघून जायची.

त्या वर्षी प्रदर्शन तोंडावर आलं आणि बाई ओल्या अंगणात घसरल्या. घोट्याचं हाड मोडलं. पाय प्लास्टरमध्ये, बाई खुर्चीत, खुर्ची खिडकीत आणि खिडकीबाहेर डेलियाच्या कुंड्या ऐन कळ्यांवर आलेल्या. मुलगा म्हणाला, मी घालतो पाणी. त्याने मागे एकदा निवडुंग कुजवून दाखवला होता. बाईंनी मान हलवून त्याला वाटेला लावलं.

"आई, तू बघशील का?" मुलीने सिस्टरना विचारलं.

"मी बघेन. पण त्यांना चालेल का ते विचार."

बाईंना चालणार नव्हतं, पण दुसरा इलाज नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर झारी घेऊन हजर झाल्या आणि खिडकीतून वर्ग सुरू झाला.

"मुळाशी पाणी. पानांवर नको."

"विहीणबाई, जन्मभर सलाईन लावलंय मी. कुठून काय द्यायचं ते कळतं मला."

"शेंड्याची कळी ठेवा, बाजूच्या दोन खुडा."

"चांगल्या जिवंत कळ्या खुडू?"

"सगळ्यांना थोडं थोडं दिलं तर एकही धड फुलत नाही. खुडा."

सिस्टरनी मन घट्ट करून खुडल्या. मग भर दुपारी फुलांना ऊन लागतं म्हणून कुंड्यांवर जुन्या छत्र्या बांधायला लागल्या. संध्याकाळी पानं उलटून अळ्या वेचायला लागल्या. दोन दिवस हे सगळं त्या तोंड वाकडं करून करत होत्या. नंतर कधी सरळ झालं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. लालबुंद डेलियाची कळी रोज थोडी थोडी उघडत होती. आधी घट्ट मूठ, मग पाकळ्यांची एक चळत, मग दुसरी. एका सकाळी त्या स्वतःच्या वांग्यांकडे न जाता थेट बाईंच्या अंगणात आल्या आणि छत्री बाजूला करून नुसत्या बघत उभ्या राहिल्या.

"कसं दिसतंय?" आतून बाईंनी विचारलं. खिडकीतून ती कुंडी नीट दिसत नव्हती.

"ताटलीएवढं झालंय," सिस्टर म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "देखणं आहे हो."

त्या दिवशी चहा बाईंनी सुनेकडून अंगणात पाठवला नाही, सिस्टरना आत बोलावून दिला.

प्रदर्शनाच्या दिवशी उजाडताच सिस्टरनी ते फूल लांब देठासकट कापलं आणि बादलीतल्या पाण्यात उभं केलं. स्वतःची वांगी कापडात गुंडाळून टोपलीत ठेवली. गाडी जावई चालवत होता. "सांभाळून," असं सिस्टर त्याला तीनदा म्हणाल्या. चौथ्यांदा म्हणायच्या आत गतिरोधक आला, बादली कलंडली आणि फूल दरवाजावर आपटलं.

सभागृहात पोचून त्यांनी पाहिलं तर फुलाची मान मोडली होती. पूर्ण नाही, पण अर्धा देठ पिचून फूल खाली लोंबत होतं. जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. "आईला काय सांगायचं?" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

"आधी पेशंट बघू, मग नातेवाईक," सिस्टर म्हणाल्या.

पर्समध्ये चिकटपट्टी असायचीच, ती सवय नोकरीसोबत सुटली नव्हती. कोपऱ्यात झाडू होता, त्याची एक काडी त्यांनी मोडून घेतली. देठ अलगद सरळ केला, काडी लावली, वर पट्टी गुंडाळली. फूल ताठ उभं राहिलं. पट्टी डोळ्यांत खुपत होती म्हणून त्यांनी खालचं पान वळवून तिच्यावर आणलं आणि फूल पाण्याच्या बाटलीत उभं करून फुलांच्या टेबलावर ठेवलं. वांगी भाज्यांच्या टेबलावर मांडून आल्या आणि मग परीक्षण होईपर्यंत सगळ्यांसोबत बाहेर व्हरांड्यात उभ्या राहिल्या.

दार उघडलं तेव्हा लाल फुलापुढे पहिल्या नंबरचं कार्ड होतं. शेजारी मंडळातल्या पोस्टमास्तरांचं पिवळं फूल दुसरं. पोस्टमास्तर हसतमुखाने म्हणाले, "बाईंना सांगा, पाय मोडला तरी आम्हाला काही वाव नाही!"

सिस्टरही हसल्या, पण ते हसू काही आतून येईना. त्यांनी बाहेर जाऊन बाईंना फोन लावला.

"पहिला आलाय तुमचा."

"खरंच?" बाईंचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "मान कशी आहे? ताठ?"

सिस्टरनी सगळं सांगून टाकलं. गतिरोधक, काडी, पट्टी, सगळं.

पलीकडून शाळेतला तो जुना आवाज आला. "विहीणबाई, आधार चालतो. पण तो दिसला पाहिजे, लपवलेला चालत नाही. पट्टी दिसतेय का?"

"पान आणलंय वर."

"मग पान काढा आणि परीक्षकांना बोलवा. आत्ता. लोक घरी जायच्या आत."

"नंबर जाईल."

"जाऊ दे. खोट्या बेरजेला मी कधी मार्क दिले नाहीत, घ्यायचे कशाला?"

परीक्षक उंच, शांत गृहस्थ होते. त्यांनी चष्मा वर करून देठ बराच वेळ पाहिला. "हे बांधलं कोणी?"

"मी. पान पण मीच वळवलं. बाईंना यातलं काही माहीत नव्हतं."

"बांधलंय झकास," ते म्हणाले, "पण परीक्षणाच्या वेळी ते झाकलेलं होतं. नियम आहे." त्यांनी कार्ड उचलून पिवळ्या फुलापुढे ठेवलं. पोस्टमास्तर इतके ओशाळले की जणू त्यांनीच ते फूल मोडलं होतं. लाल फुलापुढे कार्ड राहिलं नाही, तरी लोक तिथेच थांबून देठ बघत होते आणि सिस्टरना विचारत होते, पट्टी कुठली वापरली?

पुन्हा फोन वाजला. "झालं? गेला नंबर?"

"गेला."

"बरं झालं. आणि तुमच्या वांग्यांचं काय?"

सिस्टर चपापल्या. वांग्यांकडे त्या फिरकल्याच नव्हत्या. त्या लगबगीने भाज्यांच्या टेबलाशी गेल्या. टोपलीपुढे दुसऱ्या नंबरचं कार्ड होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"दुसरा," त्या फोनमध्ये म्हणाल्या.

"बघा! या आता घरी, वाट बघतेय मी."

संध्याकाळी लाल फूल बाईंच्या खिडकीत ठेवलं गेलं. बाईंनी चष्मा लावून काडीवरची पट्टी तपासली. मग स्वतःच्या पायाकडे बघून म्हणाल्या, "माझं प्लास्टर पण तुम्हीच घालायला हवं होतं."

जावई दाराशी उभा राहून माफी मागत होता. त्याच्याकडे दोघींपैकी कोणाचंच लक्ष नव्हतं.

"विहीणबाई," सिस्टर चहा ढवळत म्हणाल्या, "हंगाम संपला की डेलियाचा एखादा कंद द्याल का मला? त्या पांढऱ्याचा."

"पांढरा नको. फार नाजूक असतो. जांभळा घ्या."

"मला पांढराच हवाय."

"पहिल्या वर्षी जांभळा."

"मी काय तुमची विद्यार्थिनी आहे का?"

"आता झालात," बाई म्हणाल्या आणि बिस्किटांची बशी त्यांच्याकडे सरकवली.