चालेल की नाही, हे मला कोणी विचारलं?

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि सध्या माझं डोकं तापलेलं आहे. प्लग काढलेला होता म्हणून निभावलं, नाहीतर या घरातली चर्चा ऐकून मी केव्हाच जळून गेलो असतो. प्रश्न काय, तर एक गेम घ्यायचा की नाही. लग्न नाही, घर नाही, बदली नाही. गेम! त्यावर एका पन्नाशी उलटलेल्या माणसाने अख्खा उन्हाळा काढला. आता सगळं पहिल्यापासून सांगतो. तुम्ही ऐका, फक्त मधे 'पण' म्हणू नका. तो शब्द मी यंदा पोट फुटेस्तोवर ऐकला आहे.

माझी जुळणी भिलाईच्या सिविक सेंटरमधल्या एका लहानशा दुकानात झाली. दुकानदार टिकारामने माझे स्क्रू आवळले, बटण दाबलं, आणि पडद्यावर पहिली अक्षरं उमटली तेव्हा स्वतःच टाळी वाजवली. तेव्हा मी 'फोर एटी सिक्स' होतो, म्हणजे त्या वर्षीचा नवरदेवच म्हणा ना! पेंटियम नावाचा प्राणी दिल्ली-मुंबईला आला असेल, आमच्या भागात त्याचं नाव कोणी घेत नव्हतं. मला न्यायला आले देवीदास रामटेके आणि त्यांची मुलगी शीला. देवीदासजी स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवत. शीला पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर शिकत होती. रिक्षातून क्वार्टरकडे निघालो तेव्हा माझा मॉनिटर देवीदासजींनी स्वतःच्या मांडीवर धरला. खड्डा आला की ते रिक्षावाल्यावर ओरडत, "अबे, आराम से! अंदर काच है!" घरी त्यांच्या पत्नीने, भीमाबाईंनी, बाबासाहेबांच्या फोटोखालचं टेबल पुसून ठेवलं होतं. त्यावरची शिलाई मशीन माझ्यासाठी स्वयंपाकघरात गेली.

ती वर्षं चांगली गेली. शीला माझ्यासमोर बसून प्रोग्राम लिही. चुकली की मी लाल अक्षरांत चूक दाखवी आणि ती मलाच शिव्या देई. पण सकाळी रुमालाने पुसायचीसुद्धा तीच. एका वर्षी जयंतीच्या कार्यक्रमाची पत्रिका माझ्यावर तयार झाली. ती पत्रिका देवीदासजी महिनाभर खिशात घेऊन फिरले. भेटेल त्याला उलगडून दाखवत आणि म्हणत, "आमच्या शीलानं घरी काढली, घरी!" पाहुणे आले की माझं कव्हर उचललं जाई. कोणी हात लावायला गेला तर देवीदासजी म्हणत, "पाहा, पाहा. हात नको लावू." मला तेव्हा कोण अभिमान वाटे.

मग शीलाला नागपूरला नोकरी लागली आणि ती गेली. माझ्यावर कव्हर पडलं ते पडलंच. प्लांटची बारीक काळी धूळ कव्हराच्या खालूनही आत शिरे. पालीने माझ्या मागच्या जाळीत मुक्काम केला. भीमाबाई माझ्या डोक्यावर पापड वाळत घालू लागल्या. मी काही बोललो नाही. बोलणार कसा? प्लगच काढून ठेवला होता.

त्याच सुमारास देवीदासजींना क्रेनवरून खाली उतरवलं. मेडिकल तपासणीत निघालं की त्यांना चक्कर येते. चक्कर येणाऱ्या माणसाला एवढ्या उंचीवर कोण बसवणार? त्यांना स्टोअरमध्ये पाठवलं, कामगारांना हातमोजे वाटायला. मित्रांनो, हा माणूस सगळं आयुष्य शेडच्या छताखालच्या केबिनमध्ये बसून वितळलेल्या लोखंडाच्या मोठाल्या बादल्या इकडून तिकडे नेत होता. त्याची घंटी वाजली की खालची माणसं बाजूला सरत. आता तो खाली बसून मोज्यांच्या जोड्या लावत होता. घरी आले की ते मुकाट जेवत आणि भिंतीकडे तोंड करून पडत. एकदा माझी धूळ झटकताना भीमाबाई मलाच म्हणाल्या, "तुई बत्ती बंद, तिकडं त्याइची बत्ती बंद. मी आता बोलू तरी कोनाशी?" मला फार वाईट वाटलं.

एके दिवशी देवीदासजींनी ठरवलं की मला विकायचं. घरात पडून काय करतो, असं त्यांचं म्हणणं. माझी किंमत काय येईल हे विचारायला ते टिकारामच्या दुकानात गेले आणि परतले ते दिवेलागणीला. आल्याबरोबर चपला न काढता बोलायला लागले.

"भीमा, टिकारामच्या दुकानात एक गेम पाह्यला मी!"

"काय पाह्यलं?"

"गेम, गेम! वरून सारं गाव दिसते. बारकी बारकी मानसं. कोनी लाकूड तोडून राह्यलं, कोनी दगड वाहून राह्यलं. आपन वरून सांगाचं, तू इकडं जा, तू तिकडं जा. फौज उभी कराची, किल्ला राखाचा. अगं, हुबेहूब माझ्या केबिनीतून दिसे तसं!"

भीमाबाईंच्या हातातलं पोळीचं पीठ तसंच राहिलं. कित्येक महिन्यांत नवरा इतकं बोलला नव्हता. त्या लगेच म्हणाल्या, "मंग घ्या ना जी!"

आणि देवीदासजी म्हणाले, "पण..."

झालं! तिथून माझ्या हालांना सुरुवात झाली. पण या वयात गेम खेळलो तर लोक काय म्हणतील? पण हे यंत्र शीलाच्या शिक्षणाचं, त्याच्यावर खेळ कसा लावायचा? पण डोळ्यांना त्रास झाला तर? संध्याकाळी 'घेतो' म्हणायचे, सकाळी 'नाही घेत'. कधी स्कूटर काढून निघायचे आणि कोपऱ्यावरून परत यायचे. तळ्यात की मळ्यात, तळ्यात की मळ्यात! मी कव्हराखाली दात-ओठ खात होतो. दात नाहीत, ही गोष्ट वेगळी.

बरं, स्वतः ठरवता येईना तर गप्प बसावं. नाही! शेजारच्या पुंडलिकभाऊंना विचारलं. हे रेल्वेत, भिलाई-३ या भागात कामाला. सल्ला देण्याचा त्यांना भारी शौक. ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले, माझ्याच टेबलावर चहाची कपबशी ठेवली आणि म्हणाले, "देवीदासभाऊ, आता नातवाले खेळवाचं वय तुमचं. तुमी कावून लेकरावानी करून राह्यले?" मग शीलाचा फोन आला तर तिला विचारलं. ती तिकडून म्हणाली, "बाबा, त्या गेमला पेंटियम पाहिजे. आपल्या डब्यात नाही चालणार."

डबा! मित्रांनो, ज्या पोरीला मी अक्षर अक्षर शिकवलं, तिने मला डबा म्हटलं. फोनचा आवाज मोठा होता, सगळं ऐकू आलं.

शेवटी पुन्हा टिकारामला विचारून झालं. टिकारामने छत्तीसगढीत जे उत्तर दिलं ते देवीदासजींनी घरी जसंच्या तसं सांगितलं, "चल तो जाही कका, फेर धीरे-धीरे चलही." म्हणजे चालेल, पण हळूहळू. शिवाय गेमच्या सीडीचं खोकं एकदा फोडलं की परत घेणार नाही. बस, देवीदासजींना नवा 'पण' मिळाला. पण नाही चालला तर?

अहो, चालेल की नाही हे मला विचारा ना! शेजाऱ्याला विचारलं, मुलीला विचारलं, दुकानदाराला विचारलं. मी समोर बसलोय, माझा प्लग लावून बघायचं कोणाला सुचलं नाही. भीमाबाईंचाही जीव विटला होता. एका दुपारी त्यांनी पोळपाट आपटला आणि म्हणाल्या, "क्रेनवर असताना तुमी इचार करत बसले असते त खालचे सारे मेले असते! घ्या नाईतर नका घेऊ, पन माह्यं डोकं नका खाऊ!"

मी तर भीमाबाईंना मनातल्या मनात सलाम केला. एक गोष्ट मात्र खरी. मी पेंटियम नव्हतो. गेम आणला आणि मी अडकलो, तर देवीदासजी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडतील, आणि या वेळी तर माझ्यामुळे.

अखेर पुंडलिकभाऊंनीच घोडं पुढे दामटलं. मला विकायची जुनी गोष्ट धरून ते कुरुद गावच्या बळीराम नावाच्या माणसाला घेऊन आले. बळीरामला टायपिंगचं दुकान टाकायचं होतं आणि त्याला जुना कॉम्प्युटर हवा होता. तो येतानाच दोरी आणि गोणपाट घेऊन आला. गोणपाट! देवीदासजींच्या मांडीवरून आलेला मी, गोणपाटात जाणार होतो.

माझं कव्हर निघालं, प्लग लागला. कितीतरी दिवसांनी अंगात वीज खेळली. पाल पळाली. मी खोकत, खरखरत, पण चालू झालो. बळीरामने माझ्याभोवती एक चक्कर मारली, बैलबाजारात मारतात तशी, आणि नाक मुरडलं.

"बहुत पुराना है भाऊ. याच्यात गेम-बिम काई चालत नसन."

"कावून नाई चालनार?" देवीदासजी म्हणाले.

मी चमकलो. अख्खा उन्हाळा हा माणूस स्वतः तेच म्हणत होता!

"अरे, हा फोर एटी सिक्स. आजकाल पेंटियम लागते. याचा जमाना गेला. आता याले कोपऱ्यात बसवून टायपिंग करून घ्याचं, अजून काय."

देवीदासजींचा चेहरा लाल झाला. ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले, माझ्या आणि बळीरामच्या मधे. "जमाना गेला म्हनते! तू चालवून पाह्यला काय याले? पाह्यला काय?"

"अजी, तुमीच त विकाले काढला ना?" बळीराम गांगरला.

"नाई विकत जा! उचल तुहं गोनपाट!"

पुंडलिकभाऊ काहीतरी समजूत घालायला गेले, तर देवीदासजी त्यांना म्हणाले, "भाऊ, तुमी चहा घ्या." आणि पायात चपला सरकवून ते स्कूटरवर बसून गेलेसुद्धा. कोपऱ्यावरून परत आले नाहीत. तासाभराने आले तेव्हा मागे टिकाराम बसला होता आणि त्याच्या हातात गेमचं खोकं होतं.

टिकारामने माझा कप्पा उघडला, सीडी घातली. मित्रांनो, मी आयुष्यात एवढी मेहनत कधी केली नाही. पोटातली तबकडी घुरघुरत होती, पंखा बोंबलत होता, गेम किती उतरला ते दाखवणारी पडद्यावरची रेघ केसभर केसभर पुढे सरकत होती. पुंडलिकभाऊ दुसरा चहा संपवून तिथेच बसले होते, मी हरतो कधी ते बघायला. भीमाबाई दारात उभ्या होत्या. देवीदासजींनी चष्मा पुसून पुसून तिसऱ्यांदा लावला.

मग गाव दिसलं. हिरवं रान, दोन झोपड्या, आणि खाली मुंगीएवढी माणसं. देवीदासजींनी माऊस धरला आणि एका माणसाला झाडाकडे पाठवलं. तो निघाला... निघाला... एक पाऊल टाकलं, थांबला, मग दुसरं टाकलं. अहो, माझी तेवढीच ताकद होती! शरमेने मला पडदा काळा करून घ्यावासा वाटला.

टिकारामने मान खाली घातली. "कका, मैं कहे रहेंव न, धीरे चलही."

पुंडलिकभाऊ खुर्चीवरून पुढे झुकले. "हे तर कासव झालं, देवीदासभाऊ. पैसे पान्यात."

देवीदासजींनी पडद्यावरची नजर हटवली नाही. तो मुंगीएवढा माणूस झाडापर्यंत पोचेस्तोवर ते श्वास रोखून बघत होते. त्याने पहिली कुऱ्हाड मारली तेव्हा त्यांनी श्वास सोडला.

"कासव कुठं? बराबर चाल आहे," ते म्हणाले. "खाली मानसं आहेत. वरून भरली बादली नेताना कोनी पळवते काय? ज्यानं पळवली त्यानं मानसं जाळली." आणि मग माझ्या पडद्याला एवढं जवळ तोंड नेऊन, की काचेवर त्यांचा श्वास उमटला, ते खाली ओरडले, "ए निळ्या टोपीवाल्या! बाजूले हो ना बे, लाकूड येऊन राह्यलं!"

पुंडलिकभाऊ हसायला लागले, पण थोड्या वेळाने तेच म्हणाले, "त्या नदीकडल्या बाजूले कोनी पहारेकरी नाई ठेवला तुमी." आणि खुर्ची आणखी जवळ ओढली.

इतक्यात फोन वाजला. शीला होती. भीमाबाईंनी पदराने डोळे टिपले आणि रिसीव्हर उचलला. "बाबा नाई येत आता फोनवर," त्या म्हणाल्या. "डूटीवर आहेत ते. घंटाभरानं कर."

तर मित्रांनो, माझं गाऱ्हाणं एवढंच. मी जुना आहे हे मला ठाऊक आहे, ते रोज कोणी येऊन सांगायला नको. तुमच्याही घरात कोणीतरी असं झाकून ठेवलेलं असेल, यंत्र असेल किंवा माणूस असेल. त्याला काय जमणार नाही याची चर्चा त्याच्याच समोर बसून, त्याच्याच टेबलावर चहा ठेवून करू नका, बाबांनो. चिडचिड होते हो! आधी धूळ पुसा, प्लग लावा आणि बटण दाबून पाहा.