सहा हजार तीनशे अठरा

वाचनालयात नव्याने आलेल्या ग्रंथपाल मॅडमना सगळं कसं ओळीत लागायचं. सभासदांच्या यादीत मध्येच एक्केचाळीस नंबर गायब दिसले आणि त्यांचं डोकंच फिरलं.

"माणसं काय हवेत विरली? हे नंबर नव्या सभासदांना देऊन टाका," त्यांनी काउंटरवरच्या ताईला फर्मावलं.

ताईची त्या खुर्चीत बावीस वर्षं गेली होती. 'नवा सभासद' दाबलं की संगणक नंबर काढतो. माणूस अर्ज अर्धवट टाकून गेला तर त्याचं नाव उरत नाही आणि नंबरही परत येत नाही, हे तिला पाठ होतं. बाकीच्या चाळीस नंबरांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. ६३१८ मध्ये मात्र तिचा जीव अडकला होता.

गेल्या वर्षी दाढ काढायला तिने एक दिवस रजा घेतली, तेव्हा काउंटर शिपाईकाकांनी सांभाळलं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "अगं, काल तुझ्या आडनावाचा एक जण आला होता. डावखुरा. मी आपलं सहज विचारलं, आमच्या ताईचे कोण तुम्ही? तर पेन ठेवून उठलाच की!"

अकरा वर्षांपूर्वी वडिलांशी भांडून घर सोडून गेलेला तिचा दादा डावखुरा होता. केस पिकलेत का, खोकत होता का, एकटाच होता का, असं विचारून तिने काकांना भंडावून सोडलं. त्यांना धड काही आठवेना. तिला काकांचा राग आला, दाढेचा आला, सगळ्यात जास्त दादाचा आला. इतक्या जवळ येऊन गेलास? त्या दिवसाच्या नोंदींत तेवढाच एक नंबर रिकामा होता, ६३१८.

आता तोही कुणाला तरी मिळणार, म्हणून तिने सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावून मॅडमच्या हातात दिला.

"रिकामे राहू द्या हो," तो म्हणाला. "त्यात चूक काहीच नाही. भरत बसलात तर जुन्या नोंदींचा घोळ होईल."

मॅडम जरा नरमल्या. "मग प्रत्येकाचं कारण आणि पुढची कार्यवाही लिहून द्या. मुदतीसकट."

ताईने चाळीस ओळी भराभर उरकल्या: अर्ज अपूर्ण, नंबर बंद, आजपासून. ६३१८ च्या ओळीत कार्यवाहीपाशी ती थबकली. मग तिने लिहिलं, 'वाट पाहणे.'

मॅडमनी तक्ता वाचला. "वाट कुणाची?"

"माझ्या भावाची."

मॅडमनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "मुदत लिहायची राहिली."

"ती नाही लिहिता येत मला, मॅडम."

मॅडमनी रकाना तसाच ठेवून सही केली.