‘एक कम सौ’चा अ‍ॅम्प्लिफायर

मित्रांनो, इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग डोक्यावर घेऊन कोपऱ्यात बसलेला हा जुना काळा खोका म्हणजे मी, गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. गिटार कुजबुजते आणि मी ते ओरडून सांगतो, एवढंच माझं काम. ते मी फार मन लावून केलं आणि तेच एकाला नडलं.

कारखान्यातून मी लखनऊला आलो, निशातगंजमध्ये सुजयच्या घरी. घरचे मूळचे नगरकडचे. वडील संशोधन संस्थेत, रविवारी सगळे चर्चमध्ये. तिथल्याच देविका आणि आदेशला घेऊन सुजयने बँड काढला, ‘एक कम सौ’. देविका गायची, आदेश ड्रम बडवायचा, सुजय गिटार वाजवायचा आणि गाणी लिहायचा. हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्याण्णव मागे ठेवून निघालेल्या मेंढपाळाची गोष्ट त्याने लहानपणी आईकडून ऐकली होती. गाण्यात मात्र ना मेंढरू, ना मेंढपाळ. कुणीतरी आपल्या मित्राला हाका मारत हजरतगंजच्या बाजारभर फिरतो, इतकंच. ‘निन्यानवे घर पे हैं, एक कहाँ है?’ पोरं त्यावर बेभान उड्या मारायची.

कार्यक्रमाआधी तिघे माझ्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटायचे. त्या हातांची ऊब मला अजून आठवते.

सुजय रोज माझ्या तोंडाशी बसून सराव करायचा.

“अरे, आवाज कमी कर ना! कान जातील एक दिवस,” त्याची आई, लीलावतीकाकू, स्वयंपाकघरातून ओरडायच्या.

“बस दो मिनट, मम्मी!”

आधी डावा कान गेला. मग उजव्यात शिट्टी वाजू लागली, ताल चुकू लागला. गोमती नगरच्या मोठ्या कार्यक्रमाआधी देविका मान खाली घालून म्हणाली, “सुजय भैया, इस बार आप रहने दो.”

“अच्छा,” तो म्हणाला.

नवा गिटारवाला आला, नवा अ‍ॅम्प्लिफायरही आला. सुजय आवाज पुरता चढवून, फोन कानाशी धरून त्यांचे व्हिडिओ ऐकायचा. पुढे कानाशी धरणंही सुटलं, नुसता बघत बसायचा. ते त्याचंच गाणं गात होते. त्यांचा सराव आता गोमती नगरला चालायचा; तिथून निशातगंज ई-रिक्षाने वीस मिनिटं. एकाला शोधायचं गाणं गाणाऱ्यांना तीन वर्षांत तेवढी सवड झाली नाही.

बँड मोडला तेव्हा देविका आली. तिने माझ्यावरचे कपडे उचलले, धूळ पुसली, गिटारची वायर जोडली. मी खरखरलो, पण वाजलो. तिने गिटारवर तेच गाणं सुरू केलं. सुजयने तळहात माझ्या डोक्यावर ठेवला आणि डोळे मिटले. होता नव्हता तेवढा जोर मी लावला.

गाणं संपल्यावर तो हसून म्हणाला, “अच्छा है. नया लिखा है?”

देविका ढसाढसा रडली.

मित्रांनो, माझं काय, एखादा भाग बदलला की मी पुन्हा नीट वाजेन. पण तुमच्यातलं कुणी एक दिसेनासं झालं, तर त्याला ऐकू येतंय तोवर हाक मारा.