एक्स-रेत न दिसलेली चीर

चौथ्या फेरीला ती थांबली आणि मैदानातच खाली बसली. अग्निशमन दलाच्या प्रशिक्षणाचा सहावा आठवडा होता. पाऊल टेकलं की उजव्या गुडघ्याखालून कळ थेट मस्तकात जायची.

कवायत घेणारे उस्ताद तिचा परवाचा एक्स-रे घेऊन आले. त्यांनी तो उन्हात धरला.

"बघ, हाड कसं ठणठणीत आहे. ऊठ. नाटकं पुरे."

"त्यात दिसत नसेल, पण दुखतंय. मी पळणार नाही."

"मग घरी जा."

"घरीही जाणार नाही."

दुपारी ती लंगडत एमआरआय काढायला गेली. "जराही हलू नकोस, नाहीतर चित्र पुसट येईल," तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं. अर्धा तास यंत्र कानाशी घण घातल्यासारखं वाजत राहिलं. तिने मुठी आवळल्या, पाय हलवला नाही.

मग बाईंनी पडद्यावर पेन्सिलीचं टोक टेकवलं. हाडात पांढुरकी सूज होती, आणि तिच्यातून गेलेली केसाएवढी काळी रेघ.

"सतत ताण पडून हाडाला चीर गेलीय. सुरुवातीला एक्स-रेत ती बऱ्याचदा दिसतच नाही. अशीच पळत राहिली असतीस तर हाड दुभंगलं असतं."

तिला एकदम हसू फुटलं. डोळेही भरून आले.

"हे लिहून द्या ना. मोठ्या अक्षरांत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुबड्या घेऊन मैदानावर हजर. उस्तादांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"दोन महिने पळायचं नाही म्हणतात. पुढच्या तुकडीत ये."

"याच तुकडीत राहणार. दोराच्या गाठी बसून मारता येतात, वर्गातही बसता येतं. पळण्याची परीक्षा तेवढी नंतर घ्या."

"नियमात बसत नाही ते."

"तो नियम दाखवा, उस्ताद."

उस्तादांनी रिपोर्टाची घडी घातली, तो खिशात टाकला आणि ते तुकडीकडे वळले. ती पायरीवर बसली आणि तिने दोर मांडीवर ओढला.

तुकडी पळू लागली. तिसऱ्या फेरीला एक उंच मुलगी रांगेतून बाहेर पडली आणि तिच्याशेजारी येऊन टेकली.

"कुठे काढलास तो एमआरआय?" तिने दम खात विचारलं. "माझाही पाय पंधरा दिवस दुखतोय. बोलले नाही कुणाला."

उस्ताद तरातरा चालत आले. उंच मुलगी जागची उठली नाही. त्यांनी शिट्टी तोंडाला लावली, क्षणभर तशीच धरली, मग खाली घेतली.

"कुठला पाय?" त्यांनी विचारलं.