मेणाचा तुकडा

मेणाचा तुकडा होता तिथेच होता — काच घासायच्या चाकामागे, बारीक स्क्रूंच्या डबीला टेकून, आणि त्याच्या मधोमध पेचकसाच्या टोकाने पडलेला खड्डा... एवढ्या पसाऱ्यात तो कुणाला दिसलाही नसता, पण चष्मेवाल्याला सकाळपासून तेवढाच दिसत होता, कारण दुसरीकडे पाहायचं म्हणजे मेहुण्याकडे पाहावं लागलं असतं. मेहुणा त्याच्या स्टुलावर बसला होता. त्याच्या, म्हणजे माझ्या. माझ्याच बसण्याने गादी एका बाजूला दबलीय, त्या स्टुलावर.

"सर, जरा अजून आरामात बसा," फोटो काढणारा म्हणाला.

बसेल की! स्वतःचं पहिलं दुकान पाडून तिथे चकाचक शोरूम बांधली, आता 'मी इथून वर आलो' हे दाखवायला कळकट जागा आणायची कुठून? सासुरवाडीची आहे ना, फुकटची!

वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी आलेली मुलगी यशस्वी उद्योजकांवर लिहीत होती. अंगात गुण कोणते, घरची परिस्थिती कशी, पाठीशी कोण उभं राहिलं — तिचे प्रश्न ठरलेले, आणि मेहुण्याची उत्तरंही पाठ केल्यासारखी. धाडस. चिकाटी. माणसांची पारख. पारख म्हणे! हा इथे काम शिकायला आला तेव्हा याला काचेची आतली बाजू कोणती नि बाहेरची कोणती ते कळत नव्हतं, आणि मी याला 'ए गधड्या' म्हणून हाक मारत होतो, अगदी हक्काने... मग धाकट्या बहिणीने लग्न करीन तर याच्याशीच म्हणून हट्ट धरला, आणि एका दिवसात गधड्याचे जावईबापू झाले, अहो-जाहो सुरू झालं. ते 'अहो' अजूनही चष्मेवाल्याच्या घशात अडकायचं.

त्याला मेहुण्याची दुकानं नको होती, गाडी नको होती — नको होती असं तो स्वतःला रोज सांगायचा — पण आज एवढं तरी व्हावं, छापून येईल अशा बेताने याने एकदा म्हणावं की हातात कला दिली ती यांनी. एवढ्यासाठी त्याने दुकान झाडून घेतलं होतं, इस्त्रीचा सदरा घातला होता.

"लिहा हं," मेहुणा म्हणाला, "हे जे काही येतं ते सगळं दादांमुळे. हे नसते तर मी कुणीच नसतो."

किती सहज बोलून गेला! सुट्टे पैसे द्यावेत तसा. मुलीने लिहून घेतलं, चष्मेवाल्याकडे बघून गोड हसली, आणि हवं ते पदरात पडूनही त्याच्या पोटातलं दुखणं तसूभर हललं नाही. उलट जास्तच जळफळाट झाला, कारण आता तक्रार करायलाही जागा उरली नव्हती.

"एक काम करतानाचा घेऊ या," फोटोवाला म्हणाला. "फ्रेमची काडी बसवताना."

मेहुण्याने पेचकस घेतला. स्क्रू सटकला. पुन्हा घेतला, पुन्हा सटकला, आणि चष्मेवाल्याला आतून असा आनंद झाला की त्याने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. पडू दे. अजून एकदा पडू दे...

"द्या इकडे," बहीण म्हणाली. इतका वेळ ती दाराशी, नवऱ्याचा कोट हातावर घेऊन उभी होती. तिने कोट खुंटीला लावला, आणि न बघताच तिचा हात चाकामागे गेला, मेणाचा तुकडा घेऊन आला. पेचकसाचं टोक त्या खड्ड्यात फिरलं, स्क्रू टोकाला चिकटला आणि अलगद जागेवर बसला.

"झालं. आता नुसता हातात धरून हसा."

मेणाचं कुणाला सांगितलं नव्हतं त्याने. या गधड्यालासुद्धा नाही. लग्नाआधी ती माझा डबा घेऊन यायची, मी जेवेपर्यंत उभी राहायची, आणि एकदा स्टुलावर टेकली तर... ऊठ, गिऱ्हाईक येईल, काय म्हणेल! तेवढ्या वेळात बघून घेतलं असणार.

"बघ दादा, आजही उभ्यानेच केलं," ती हसत म्हणाली. "तुझ्या स्टुलावर बसायची हौस राहिलीच माझी."

"आमच्या दुकानात पहिल्या दिवसापासून स्टुलावर मी हिलाच बसवलं," मेहुणा मुलीला म्हणाला. "मला धड येतच नव्हतं ना!" आणि खो खो हसला.

मुलीला ती थट्टा वाटली. तिने लिहिलं नाही. पान उलटून ती चष्मेवाल्याकडे वळली. "आता तुम्ही सांगा. यांच्यात असं काय वेगळं होतं?"

उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं. यांच्यात काही नव्हतं हो, जे होतं ते हिच्यात. एवढं एक वाक्य, की धाडस, चिकाटी, पारख सगळं एका दमात भुईसपाट. पण मुलगी हुशार दिसत होती. ती लगेच विचारेल, अहो, मग ती तर आधी तुमच्याच घरात होती ना?

दुकानांवर जळणं सोपं होतं. दुकानं भाग्याने मिळतात, दुसऱ्याच्या आधाराने मिळतात, असं म्हणून झोप तरी लागायची. पण 'मला येत नाही, तू बस' — हे असं खो खो हसत म्हणता येणं... हे कुठून आणतात माणसं? याचा हेवा करायचा तर कुणाच्या नावाने बोटं मोडायची?

मेहुणा स्टुलावरून उठला, कोट घालू लागला. मुलगी पेन उघडून थांबली होती. बहीण मेणाचा तुकडा बरोबर त्याच जागी, डबीला टेकून ठेवत होती, आणि तिच्या बोटांकडे बघत चष्मेवाला मोकळ्या स्टुलाशेजारी तसाच उभा राहिला.